दोन पेट्यांची एकच ओळख

किल्ल्याचा चढ निम्मा झाला असेल तेव्हा फोन वाजला. माघातलं धुकं होतं. खाली सातारा शहर आहे की नाही अशी शंका यावी इतकं दाट. कुठूनतरी दुधाच्या गाडीचा आवाज यायचा आणि मध्येच विरून जायचा. फोनवर विलासराव होते, सुरेखाचे यजमान. "शैलाताई..." एवढंच ऐकू आलं आणि रेंज गेली. मी थोडी खाली उतरले, फोन कानाला घट्ट धरला. "पहाटे गेली ओ. झोपेतच. तरास न्हाई झाला काही." मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणायचं असतं अशा वेळी... "बरं" म्हणाले आणि कठड्यावर बसून राहिले. रोज भेटणारे एक वयस्कर गृहस्थ काठी टेकत धुक्यातून वर आले. "बाई, बरं वाटत नाही का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मैत्रीण गेली." ते माझ्याशेजारी बसले, दम खाल्ला, आणि काही वेळानं उठून पुन्हा धुक्यात चालू लागले. अजून कधी कधी वाटतं, ती सकाळ मी स्वप्नात पाहिली.

सुरेखा आणि मी सांगलीतल्या एका रुग्णालयात कामाला होतो. मी क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ, ती संगणक विभागात. आमच्याकडे निघणारा प्रत्येक एक्स-रे, प्रत्येक स्कॅन तिच्या खोलीतल्या डिस्कवर जाऊन बसायचा. पेशंट त्याला फोटोच म्हणतात, मीही म्हणते. फोटो मी काढायचा आणि सांभाळायचा तिनं, अशी आमची वाटणी. ती मूळची पलूसची. वडील कारखान्यात फिटर, आई शेतमजुरी करून घर चालवायची. सुरेखा शिकली, पुण्याला गेली, तिथं एका बँकेचे मोठे युनिक्स संगणक सांभाळत होती. मग वडील वारले, आई पलूस सोडायला तयार होईना, विलासराव फौजेत, ते आज इथं तर उद्या सरहद्दीवर. ती पुण्याची नोकरी सोडून सांगलीला आली. "पगार निम्मा झाला का?" असं तिला सगळे विचारायचे. ती म्हणायची, "झोप दुप्पट झाली."

सुरुवातीला ती मला "शैलाताई, तुम्ही" म्हणायची, कारण मी वयानं मोठी. तिच्या खोलीत जायला मला आवडायचं. विभागातली धावपळ, पेशंटची रांग, रडणारी पोरं, हे सगळं दाराबाहेर राहायचं आणि आत एसीचा गारठा, मशीनच्या पंख्यांची एकसारखी घरघर. डोळे मिटले की लांबच्या धरणाचं पाणी पडतंय असं वाटायचं. जेवणाच्या सुट्टीत मी तिथं डबा घेऊन जायचे, तर ती भिंतीला टेकून बसलेली असायची. तिला घाई अशी कधी नसायचीच. चालायचीही अशी, जणू पायाखाली माती नुकतीच शिंपली आहे.

एका रविवारी तिनं मला पलूसला नेलं होतं. तिची आई, अक्का, अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या, आम्हीही बसलो. मी सहज विचारलं, "एवढ्या डिस्क असतात, त्यातली कुठली कुठली हे तुला कळतं कसं?" ती म्हणाली, "मशीन चालू होताना ज्या क्रमानं सापडतील तशी त्यांना नावं देतं. आज जी तिसरी, ती उद्या केबल बदलली तर पाचवी होते. त्यामुळं नावावर जायचं नाही. प्रत्येक डिस्कच्या आत एक लांबलचक नंबर लिहिलेला असतो, तो तिची खरी ओळख. मशीन तोच वाचतं आणि ठरवतं, ही आपली, ही या घरातली, ही त्या घरातली." अक्का ऐकत होत्या. फोडलेल्या शेंगा सुपात टाकत त्या म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यानी दीक्षा घेतली तवा घरातल्या समद्यांची नावं बदलली. म्या नवी नवरी, माजंबी बदललं. म्हशीचं तेवढं ऱ्हायलं." आम्ही हसलो. अक्का हसल्या नाहीत. "हसताय काय? नाव बदललं तरी म्हस मातर आमालाच वळखायची. दुसऱ्या कुनाला दूध द्यायची न्हाई." सुरेखा आईच्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणाली, "अक्का, माझं अख्खं काम तू एका वाक्यात सांगितलंस गं." अक्कांनी तिचं डोकं बाजूला सारलं, "हात चालव."

मग ते महापुराचं वर्ष आलं. कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा सुरेखा पलूसला होती, आईला बघायला गेली होती आणि रस्ता बंद झाल्यानं तिथंच अडकली. इकडे रुग्णालयात तळमजल्यावर पाणी आलं. संगणकाची खोली तळमजल्यावर, स्कॅनचं मशीनही तळमजल्यावर. स्कॅनचं मशीन हलवण्यासारखं नसतं, ते डोळ्यांदेखत पाण्यात गेलं. पण डिस्कच्या पेट्या निघण्यासारख्या होत्या. वॉर्डबॉय, परिचारिका, पेशंटचे धडधाकट नातेवाईक, सगळ्यांनी जिन्यावर साखळी केली आणि गुडघाभर पाण्यातून एकेक पेटी हातोहात वर आली. त्यात दोन पेट्या अगदी सारख्या होत्या. एक रोजच्या वापरातली. दुसरी तिची नक्कल. सुरेखानं उन्हाळ्यात सगळ्या फोटोंची जशीच्या तशी प्रत काढून ती कपाटात वेगळी ठेवली होती. दोन्हींवर तिनं चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पाण्यानं चिठ्ठ्या सुटून गेल्या. कुठली कुठली हे सांगणारे कागद खालीच राहिले, चिखलात.

ते दिवस आठवतात ते असे, की सगळं शहर पाण्यावर तरंगतंय आणि आवाजच नाही. गच्चीवरून पाहिलं की जिथं रस्ता होता तिथं एक संथ, मातकट समुद्र. त्यातून वर आलेली झाडांची डोकी, दुकानांच्या पाट्यांचा वरचा अर्धा भाग. एक होडी जायची आणि तिच्यामागं लाटा घरांच्या भिंतींना हळूच लागायच्या. दुपारी ऊन पडलं की दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डांच्या छतावर पाण्याचा उजेड हलायचा. पेशंट उताणे पडून तो बघत राहायचे... मीही बघायचे.

पाणी ओसरायला लागलं तेव्हा बाहेरगावच्या कंपनीचा माणूस येऊन वरच्या मजल्यावर संगणकाचं मशीन जोडून गेला. बिचाऱ्याला अजून दहा ठिकाणी जायचं होतं. हाताशी होत्या त्या दोन्ही पेट्या त्यानं लावल्या. मशीन चालू झालं, आम्ही टाळ्या वाजवल्या. मी पहिलं नाव शोधलं ते कडेगावकडच्या फुलाबाईंचं. या बाईंच्या डोक्यात गाठ होती. पाणी शिरण्याच्या आदल्याच दिवशी मी त्यांचं स्कॅन काढलं होतं. गाठ वाढत होती, डोळ्यांपुढं अंधारी येत होती, शस्त्रक्रिया लांबवून चालणार नव्हती, आणि नवं स्कॅन काढायला मशीन उरलं नव्हतं. त्यांचं नाव निघालं नाही. मग लक्षात आलं की उन्हाळ्यानंतरचं कुणाचंच नाव निघत नाही. पावसाळा लागल्यापासूनचे सगळे फोटो गायब.

त्याच दिवशी दुपारी सुरेखा पोचली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली होती, वरच्या रस्त्यानं, मध्ये कुठं कुठं चालत. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं रंगलेली. व्यवस्थापक तिला दारातच म्हणाले, "मॅडम, जुनं आहे तेवढं दिसतंय. त्याच्यावरच काम सुरू करूया. एक्स-रेचं छोटं मशीन मिळालंय, लोक दारात उभे आहेत." त्यांची चूक नव्हती, लोक खरंच दारात उभे होते. सुरेखानं पाय धुतले नाहीत, पाणी प्यायली नाही, सरळ जाऊन कीबोर्डवर हात ठेवला. "एकही नवा फोटो आत जाऊ द्यायचा नाही," ती म्हणाली. "आत्ता काही लिहिलं तर अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं होईल आणि मग दोन्ही जातील." व्यवस्थापकांचा आवाज चढला. "अहो, पण लोकांनी थांबायचं किती?" ती शांतपणे म्हणाली, "फुलाबाई पण लोकच आहेत की, साहेब."

संध्याकाळपर्यंतची मुदत मिळाली. ती माझ्याकडे वळली. "ताई, तू वाच. मी लिहून ताडून बघते. माझे डोळे आता ठरत नाहीत." त्या दिवशी ती मला पहिल्यांदा "तू" म्हणाली, आणि तिला ते कळलंही नाही. पडद्यावर एकाखाली एक डिस्कची नावं आणि त्यांच्यापुढं ते लांब नंबर. मी वाचायला लागले. "शून्य, शून्य, सी, आठ, बी, एक..." एखादं स्तोत्र म्हणावं तसं. छतावर पाण्याचा उजेड हलत होता, खाली कुणीतरी खराट्यानं चिखल लोटत होतं, आणि मला अर्थ न कळणारे ते आकडे, ती अक्षरं मी म्हणत होते, ती खडूनं फरशीवर लिहीत होती. कागद कोरडा कुठं होता? एका पेटीतल्या डिस्क झाल्या, दुसरीतल्या सुरू केल्या. "शून्य, शून्य, सी, आठ..." तिचा हात थांबला. "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. ती मांडी घालून फरशीवर बसली होती, तशीच मागं सरकली आणि हसायला लागली. मला वाटलं दमून हिला काहीतरी झालं.

"अगं, तेच आहेत," ती म्हणाली. "नक्कल काढली ना मी, तर आतला नंबरसुद्धा नकलेत उतरला. आता दोन्ही पेट्या सांगतायत, मीच ती. आणि मशीनला जी आधी सापडली तिचा हात धरून ते बसलंय. काही हरवलेलं नाही. खरी पेटी इथंच आहे, फक्त तिला कुणी हाक मारत नाही."

पुढचं काम सोपं होतं आणि भीतीचं होतं. नकलेच्या डिस्कवरचा नंबर पुसायचा, तिला नवा द्यायचा, म्हणजे दोघी वेगळ्या झाल्या. पण नक्कल कुठली? घाईत खऱ्या पेटीची ओळख पुसली गेली असती तर तिला पुन्हा उभं करायला किती दिवस लागले असते कोण जाणे, आणि फुलाबाईंकडे दिवस नव्हते. सुरेखानं मशीन बंद केलं. एका पेटीची केबल काढली. पदर कमरेला खोचून परत चालू केलं, तेही अशा बेतानं की मशीन फक्त वाचेल, लिहिणार काही नाही. मी नाव शोधलं. फुलाबाई नाहीत. "असू दे," ती म्हणाली. पुन्हा बंद. या पेटीची केबल काढून दुसऱ्या पेटीची लावली. मशीन जागं व्हायला वेळ घेत होतं. आम्ही दोघी त्या बारीक हिरव्या दिव्याकडे बघत बसलो. फुलाबाईंचा मुलगा दाराशी येऊन उभा राहिला होता, चांगला मोठा बाप्या. मी नाव टाकलं... पडदा रिकामा राहिला, क्षणभर, आणि मग खालून वर एकेक ओळ यायला लागली. त्यात ते नाव होतं. मी फोटो उघडला. स्कॅनमधले डोक्याचे काप एकामागून एक उमलत गेले, करडे, पांढरे, आणि मधोमध ती गाठ. एखाद्याच्या डोक्यातली गाठ बघून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

सुरेखा मात्र उठली नाही. आधी नकलेच्या डिस्कवरचे जुने नंबर पुसून तिनं नवे दिले, मला पुन्हा सगळे मोठ्यानं वाचायला लावले, फरशीवरच्या खडूशी ताडून पाहिले, आणि दोन्ही पेट्या शेजारी शेजारी लावून दोन्ही वेगवेगळ्या चालतात याची खात्री केली. मगच पाणी मागितलं. मुलानं ते आणून दिलं. फोटो सीडीवर उतरून दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात गेला, तिथं शस्त्रक्रिया झाली, आणि दिवाळीनंतर फुलाबाई स्वतः चालत आमच्याकडे आल्या, हातात काकवीची किटली. त्यांनी सुरेखाला खालवर न्याहाळलं. "माजा फोटू तुमी हुडकला व्हय?" सुरेखा म्हणाली, "काढला या ताईंनी. मी नुसता जागेवरून उठवला." फुलाबाई म्हणाल्या, "मग निम्मी निम्मी घ्या गं काकवी. भांडू नका."

हे सगळं आता सांगताना किती लख्ख आठवतंय, आणि नंतरची वर्षं मात्र एकमेकांत मिसळलेली आहेत. अक्का गेल्या. विलासराव फौजेतून सुटून घरी आले, त्यांनी परसात वांगी लावली. माझी निवृत्ती जवळ आली. असंच एकदा मी सुरेखाकडे बसले होते, तिनं चहा उकळला आणि गाळणी हातात धरून ती तशीच उभी राहिली. "ताई, याला काय म्हणतात गं? हे... चहाचं... अडवणारं." मी हसले. ती हसली नाही. त्यानंतर शब्द जायला लागले, आधी वस्तूंचे, मग गावांचे. चालीत काही फरक नव्हता, बोटं कीबोर्डवर पूर्वीसारखीच फिरत होती, पण नावं जागेवर सापडत नव्हती.

पुरानंतर आलेल्या नव्या मशीनवर तिचं स्कॅन मीच काढलं. फळीवर पडताना म्हणाली, "कुठल्या पेटीत ठेवशील?" मी म्हटलं, "दोन्हीत." "शहाणी आहेस," म्हणाली आणि डोळे मिटले. काचेपलीकडे मी बसले, आणि काप उमलायला लागले. आमच्या कामात एक शिस्त असते, जे दिसेल ते डॉक्टरांनी सांगायचं, आपण चेहरा कोरा ठेवायचा. इतकी वर्षं ठेवला होता. ती उठून बसली, तिनं माझ्याकडे पाहिलं, चप्पल पायात घालता घालता म्हणाली, "कळलं मला. तू जेवून घे." तीच मला जेवायला घेऊन गेली त्या दिवशी. तिनं माझ्या पानात भाकरी मोडून दिली.

उपचार झाले, गाठ काढली, ती परत आली. बरे दिवस होते, वाईट दिवस होते. मी निवृत्त होऊन साताऱ्याला आल्यावर विलासराव तिला हवापालट म्हणून माझ्याकडे घेऊन यायचे. शेवटची आली ती मार्गशीर्षात. आम्ही व्हरांड्यात बसायचो, तिचं अंथरूण तिथंच घातलेलं असायचं, समोर किल्ला, त्याच्या अंगावरून धुकं चढायचं, उतरायचं. माझं नाव तिला आठवत नव्हतं. तिनं एकदा प्रयत्न केला, ओठ हलले, मग सोडून दिलं आणि माझा हात धरून म्हणाली, "वाच." मी वर्तमानपत्र घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. बातम्या, बाजारभाव, वधू-वर, काहीही. ती डोळे मिटून ऐकायची. कुठं मी चुकून एक ओळ गाळली की तिचं बोट वर व्हायचं, एवढंसं, आणि मी मागं जाऊन पुन्हा वाचायचे. विलासराव एकदा दारात उभं राहून ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "ताई, मला ती आता 'अहो' बी म्हणत न्हाई. पर म्या खोलीत आलो की पाय बाजूला घेती. बसायला जागा करती." एवढं बोलून ते अंगणात निघून गेले. तिनं डोळे न उघडता अंथरुणावर पाय जरासे सरकवले.

ती गेल्यावर मी लगेच सांगलीला गेलेच होते, पण रुग्णालयात गेले नव्हते. परवा चैत्रात गेले, पेन्शनच्या एका सहीसाठी. बाहेर असं ऊन की डांबर चपलेला चिकटावं. काम झालं आणि पाय आपोआप तिच्या खोलीकडे वळले. खोली आता वरच्या मजल्यावर आहे. दार ढकललं, तीच घरघर, तोच गारठा. तिच्या जागेवर एक नवे गृहस्थ बसले होते, खंडाळ्याकडचे, फौजेत सिग्नल पथकात होते असं नंतर समजलं. भरदार मिशा, रुंद खांदे, आणि त्या खांद्यांवर एक राणी रंगाचा बायकांचा स्वेटर. बाह्या कोपरापर्यंतच पोचत होत्या. बटणं लागायचा प्रश्नच नव्हता.

मला बघून ते ओशाळले. "या, या मॅडम. आवं काय करू, आत लय थंडी हाय. एवढी थंडी बर्फात ड्युटी केली तवा न्हाई वाजली. ह्यो खुर्चीवर हुता, घातला. कुनाचा हाय काय ठाऊक न्हाई."

नोकरीत असताना एकदा साताऱ्याला गेलो होतो, तिथं रस्त्यावर हिवाळ्यात स्वेटरवाले बसतात, त्यांच्याकडून तो घेतला होता. सुरेखा आणि मी. मी म्हणत होते चॉकलेटी घे, मळखाऊ असतो. तिनं हाच उचलला, अंगाला लावला आणि म्हणाली, "त्या खोलीत सगळंच करडं आहे गं ताई. एक तरी रंग असू दे." घरी कधी नेला नाही तिनं तो. खोलीत आली की घालायचा, निघताना खुर्चीच्या पाठीला अडकवायचा, सांगलीच्या भर उन्हाळ्यातसुद्धा. कोपराजवळ एक ठिकाणी उसवला होता, तिथं तिनं पिवळ्या दोऱ्यानं टाके घातले होते. ते टाके आता त्या गृहस्थांच्या दंडावर ताणले गेले होते.

ते काढायला लागले. "तुमचा हाय का? थांबा, देतो."

मी म्हटलं, "राहू द्या. इथलाच आहे तो. या खोलीत बसेल त्यानं घालायचा."

"मग बरं झालं," ते म्हणाले, बाह्या जमतील तेवढ्या खाली ओढल्या आणि पडद्याकडे वळून पुन्हा कामाला लागले.